व्होल्टेज आणि करंट: नवशिक्याच्या हातात मीटर देऊन शिकवण्याचा क्रम

व्होल्टेज आणि करंट शिकवताना बहुतेक वेळा फळ्यावर आधी ओहमचा नियम येतो, मग त्याची गणितं, आणि प्रत्यक्ष सेल-वायर निघालीच तर अगदी शेवटी. असं शिकलेली मुलं गणितं बरोबर सोडवतात. पण हातात मीटर (व्होल्टेज आणि करंट मोजायचा मल्टीमीटर) दिला की करंट मोजायला त्याचे दोन्ही प्रोब, म्हणजे वायरींची टोकदार टोकं, थेट सेलच्या टोकांना लावतात आणि फ्यूज घालवतात. सूत्र पाठ असतं, पण व्होल्टेज दोन बिंदूंच्या मध्ये मोजायचं असतं आणि करंट एका जागेतून किती जातो ते मोजायचं असतं, हे हाताला कधी कळलेलंच नसतं. खालचा सगळा क्रम या एका फरकाभोवती लावला आहे. आठवी-नववीच्या मुलांपासून ते विजेची भीती वाटणाऱ्या मोठ्या माणसांपर्यंत तो चालतो. दोन-दोन तासांच्या दोन बैठका धरा. एका मीटरमागे दोघं, फार तर तिघं. चौथा माणूस फक्त बघत बसतो.

सामान

मुंबईत हे सगळं एका फेरीत मिळतं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडवर जायचं (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग). प्रत्येक गटासाठी एवढं घ्या: चार पेन्सिल सेल आणि चार सेलचा उघडा होल्डर (झाकणवाला नको, मधल्या पट्ट्यांना प्रोब लावता आला पाहिजे), दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेल्या सहा वायरी, ५ मिलिमीटरचे तीन लाल एलईडी, २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा टॉर्चचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब आणि त्याचा होल्डर; पाव वॉटचे रेझिस्टर (करंटला अडवणारे छोटे भाग, अडवणूक ओहममध्ये मोजतात): ४७० ओहमचा एक, १ किलोओहमचे दोन, २.२ किलोओहमचा एक, १० किलोओहमचा एक आणि १ मेगाओहमचे दोन. रेझिस्टर स्वस्त असतात, प्रत्येकी दहा घेऊन ठेवा.

मीटर म्हणून डीटी-८३०डी जातीचा साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. तो दुकानातच तपासून घ्या. डायल २०० ओहमवर ठेवून दोन्ही प्रोबची टोकं एकमेकांना टेकवा. आकडा एक ओहमच्या आसपास स्थिर राहायला हवा. वायर प्रोबच्या मुळाशी हलवली की आकडा उड्या मारत असेल तर तो जोड आतून तुटत आलेला आहे, दुसरा मागा. मीटर कोणत्या फ्यूजवर चालतो ते पाहून तेवढ्याच क्षमतेचे चार-पाच काचेचे फ्यूज घ्या. ते लागतीलच.

सेल साधे झिंक-कार्बनचे घ्या. अल्कलाइन सेल जास्त टिकतात, पण चुकून शॉर्ट झाले तर त्यांतून बराच जास्त करंट वाहतो आणि वायर हातात तापते. पॉवर बँक, मोबाइलची बॅटरी, कोणताही लिथियम सेल नवशिक्यांच्या टेबलावर आणू नका. शॉर्ट झाला तर त्याला आग लागू शकते.

ब्रेडबोर्ड (भोकांत पाय खोचून जोडणी करायची प्लास्टिकची पट्टी) पहिल्या बैठकीत नको असं आमचं ठाम मत आहे. त्याची जोडणी प्लास्टिकच्या आत लपलेली असते आणि वीज कुठून कुठे जाते हे दिसत नाही. इथे शिकायचं आहे तेच नेमकं झाकलं जातं. क्रोकोडाइल क्लिपांचं जाळं गबाळं दिसतं, पण वाट बोटानं दाखवता येते.

पहिला पूर्ण तास: फक्त व्होल्टेज

या तासात करंटचं नावही काढायचं नाही. काळा प्रोब ‘कॉम’ लिहिलेल्या भोकात, लाल प्रोब मधल्या भोकात (व्होल्ट, ओहम आणि मिलिअँपिअरची खूण असलेल्या). दहा अँपिअरच्या भोकावर सुरुवातीला चिकटपट्टीच लावून टाका. डायल डीसी (सेलसारखी एकाच दिशेनं वाहणारी वीज) व्होल्टच्या २० या रेंजवर.

आधी एकच सेल मोजायला सांगा. नवा झिंक-कार्बन सेल १.५ च्या जरा वरच दाखवतो, १.५५ ते १.६५ च्या दरम्यान. मग प्रोब उलटे लावा. आकडा तोच, पुढे वजा चिन्ह. घाबरण्यासारखं काही नाही: मीटर सांगतोय की लाल प्रोब ज्या बिंदूला लागलाय तो काळ्याच्या बिंदूपेक्षा खाली आहे. मग लाल प्रोब सेलला लावून काळा हवेत धरा. शून्य. इथे थांबा आणि विचारा, सेल तर तोच आहे, मग आकडा कुठे गेला? उत्तर त्यांच्या तोंडून येऊ द्या.

आता चारही सेल होल्डरमध्ये. टोकांना आणि मधल्या जोडांना कागदाच्या चिठ्ठ्या लावा: ऋण टोक ०, मग १, २, ३ आणि धन टोक ४. काळा प्रोब ० वर ठेवून लाल प्रोब एकेक पायरी चढवा. वहीत साधारण ०, १.५५, ३.१, ४.६५, ६.२ असे आकडे येतील. मग काळा प्रोब २ नंबरवर न्या आणि सगळं पुन्हा मोजा: उणे ३.१, उणे १.५५, ०, १.५५, ३.१. सेल हलले नाहीत, जोडणी बदलली नाही, तरी सगळे आकडे बदलले. मग प्रश्न टाका: ‘२ नंबरच्या बिंदूचं व्होल्टेज किती?’ कोणी ३.१ म्हणेल, कोणी शून्य. दोघांच्याही वहीत पुरावा आहे. प्रश्नच अर्धवट आहे हे ज्याला कळलं, त्याला व्होल्टेज कळलं. पाठ्यपुस्तकात याला विभवांतर म्हणतात आणि तो शब्द परीक्षेत लागतो, पण तो सांगायचा तर या आकड्यांनंतर सांगा.

आणखी एक मोजणी आवर्जून करा. होल्डरमधला एक सेल उलटा बसवा आणि दोन टोकांमध्ये मोजा. बहुतेकांचा अंदाज तीन सेलचा, म्हणजे साडेचारच्या वरचा असतो. मीटर ३.१ च्या आसपास दाखवतो, कारण उलटा सेल स्वतःचं व्होल्टेज तर देत नाहीच, वर दुसऱ्या एकाचं खातो. रिमोटमध्ये एक सेल उलटा गेला की तो बंद का पडतो याचं उत्तर इथे आहे. मोजून झालं की लगेच सेल सरळ करा. अशा स्थितीत बल्ब वगैरे जोडू नका, उलट्या सेलमधून चुकीच्या दिशेनं करंट जाऊन तो गळू लागतो.

मग करंट

एकच उपमा वापरायची असेल तर इमारतीच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीची वापरा. मुंबईत प्रत्येकाला ठाऊक असतं की तळमजल्याच्या नळाला धार जोराची आणि वरच्या मजल्यावर बारीक. टाकीतलं पाणी आणि नळ यांच्या उंचीतला फरक म्हणजे व्होल्टेज, नळातून सेकंदाला जाणारं पाणी म्हणजे करंट, आणि अरुंद पाइप म्हणजे रेझिस्टन्स. पण ही उपमा कुठे मोडते तेही त्याच दमात सांगा. पाइप फुटला तर पाणी बाहेर सांडतं. वायर तुटली तर करंट सांडत नाही, सगळा थांबतो. हे सांगितलं नाही तर मुलं सॉकेटच्या भोकातून वीज गळते असं समजून बसतात.

आकड्यात सांगायचं तर एका सेकंदात एखाद्या जागेतून एक कूलोम विद्युतभार गेला की तो एक अँपिअर. एक कूलोम म्हणजे सुमारे ६.२४ × १०^१८ इलेक्ट्रॉनचा भार. वायरमधले इलेक्ट्रॉन मात्र फार हळू सरकतात. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत एक अँपिअर वाहत असताना त्यांचा सरासरी वेग सेकंदाला ०.०७ मिलिमीटरच्या आसपास असतो, म्हणजे एक मीटर अंतराला पावणेचार तास लागतात. दिवा तरीही बटण दाबताच लागतो, कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉननं भरलेली असते आणि सगळे जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात. इलेक्ट्रॉन ऋणाकडून धनाकडे जातात आणि करंटची दिशा धनाकडून ऋणाकडे मानतात, हा विषय पहिल्या दिवशी काढू नका. मोजणीत त्यानं काहीच बदलत नाही आणि गोंधळ मात्र आठवडाभर राहतो.

आता जोडणी. धन टोकापासून ४७० ओहमचा रेझिस्टर (पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी), त्यापुढे एलईडीचा लांब पाय, एलईडीच्या आखूड पायापासून ऋण टोकाकडे. दिवा लागू द्या. मग करंट मोजायचा. त्यासाठी वाट एका जागी तोडावी लागते आणि त्या फटीत मीटर बसवावा लागतो. डायल आधी डीसी २०० मिलिअँपिअरवर ठेवून पाहा, मग २० वर आणा.

मोजण्याआधी वहीत अंदाज लिहायला लावा: रेझिस्टरच्या आधी, रेझिस्टर आणि एलईडीच्या मध्ये, आणि एलईडीच्या नंतर करंट सारखाच असेल की कमी होत जाईल? मोठी माणसंसुद्धा ‘कमी होत जाईल, दिव्यानं थोडा वापरला ना’ असं लिहितात. मग तिन्ही जागी वाट तोडून मोजा. तिन्ही ठिकाणी ९ मिलिअँपिअरच्या आसपास एकच आकडा येतो. करंट संपत नाही. जे खर्च होतं ते व्होल्टेज: मीटर व्होल्टवर आणून एलईडीच्या दोन पायांमध्ये मोजा, सुमारे १.९, आणि रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये ४.३. बेरीज ६.२. या प्रयोगाला हवा तेवढा वेळ द्या. पहिल्या बैठकीत एवढं एकच पक्कं झालं तरी बैठक सार्थकी लागली असं आम्ही मानतो.

तीन जागी आकडे लक्षणीय वेगळे आले तर क्लिप सैल आहे. दात रेझिस्टरच्या तारेऐवजी त्याच्या रंगाच्या लेपावर बसले असतील तर असंच होतं.

ओहमचा नियम, आकडे वहीत आल्यावर

दुसरी बैठक इथून सुरू करा. एलईडी बाजूला ठेवा. १ किलोओहमचा रेझिस्टर (तपकिरी, काळा, लाल) होल्डरच्या १, २, ३, ४ या बिंदूंना पाळीपाळीनं जोडा, दुसरं टोक मीटरमधून ० ला. करंट येईल साधारण १.५५, ३.१, ४.६५, ६.२ मिलिअँपिअर. किलोओहम मुद्दाम निवडला आहे, कारण व्होल्टचा आकडा आणि मिलिअँपिअरचा आकडा एकच येतो आणि नियम डोळ्यांना दिसतो. आलेखाच्या कागदावर चार ठिपके काढा, पट्टीनं जोडा, रेषा शून्यातून जाते. मग २.२ किलोओहम (लाल, लाल, लाल) लावा: सहा व्होल्टला २.८ मिलिअँपिअर. १० किलोओहम (तपकिरी, काळा, नारिंगी): ०.६२. आता सूत्र फळ्यावर लिहा: व्होल्टेज = करंट × रेझिस्टन्स. गेयॉर्ग ओहम यांनी हा नियम १८२७ मध्ये मांडला, आणि त्यांनीही तो तारांवर मोजणी करत करतच गाठला होता.

आकडे तंतोतंत येणार नाहीत आणि ते चांगलंच आहे. सोनेरी पट्ट्याचा रेझिस्टर पाच टक्के इकडेतिकडे असतो. १ किलोओहम लिहिलेला खरा ९५० ते १०५० मध्ये कुठेही असेल, म्हणजे ६.२ व्होल्टला ५.९ पासून ६.५ मिलिअँपिअरपर्यंत काहीही बरोबर. निळ्या अंगाचे एक टक्क्याचे रेझिस्टर मिळाले तर त्यांवर पाच पट्टे असतात आणि वाचण्याची पद्धत वेगळी असते. रंग वाचण्यापेक्षा सुटा रेझिस्टर मीटरवर मोजून घेणं सोपं.

नंतर १ आणि २.२ किलोओहम एकामागे एक जोडा: करंट १.९४ मिलिअँपिअर, एकावर १.९४ व्होल्ट, दुसऱ्यावर ४.२६. मोठा रेझिस्टर व्होल्टेजचा मोठा वाटा घेतो. मग दोन १ किलोओहम शेजारीशेजारी, दोघंही थेट ० आणि ४ ला: प्रत्येकातून ६.२ आणि सेलमधून एकूण १२.४. इथे दुसरा हट्टी गैरसमज मोडतो. सेल ठरावीक करंट ‘सोडतो’ आणि तो वाटला जातो असं पुष्कळांना वाटतं. सेल व्होल्टेज धरून ठेवतो, करंट किती तो जोडलेली वस्तू ठरवते. दोन अँपिअरच्या चार्जरनं छोटा इअरफोन जळत नाही तो यामुळेच. इअरफोन आपल्याला हवा तेवढाच करंट घेतो, चार्जरवरचा आकडा ही त्याची वरची मर्यादा.

नियम कुठे सरळ रेषेत चालत नाही तेही दाखवा. टॉर्चचा बल्ब थंड असताना मीटरवर एक-दोन ओहम दाखवतो, पण २.५ भागिले ०.३ केलं तर ८.३ ओहम यायला हवेत. दोन्ही खरं आहे: तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो. एलईडीचं तर वेगळंच. त्याच्याशी ४७० ऐवजी १० किलोओहम लावला की करंट ९ वरून ०.४४ मिलिअँपिअरवर येतो, पण एलईडीवरचं व्होल्टेज जेमतेम दहावा-पंधरावा हिस्सा व्होल्ट उतरतं. म्हणून एलईडीला रेझिस्टर लागतोच. त्याच्याशिवाय सहा व्होल्टला जोडला तर करंटला आवर घालणारं काही उरत नाही आणि तो जळतो.

वाट तुटल्यावर व्होल्टेज कुठे असतं

हा प्रयोग पुस्तकांत क्वचित असतो आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाचा हाच. १ आणि २.२ किलोओहम एकामागे एक जोडलेले ठेवा आणि दोघांच्या मधली क्लिप सोडा. करंट शून्य. आता व्होल्टेज मोजा. पहिल्या रेझिस्टरवर शून्य. दुसऱ्यावर शून्य. मग सहा व्होल्ट गेले कुठे? प्रोब त्या फटीच्या दोन बाजूंना लावा: ६.२, अख्खेच्या अख्खे. करंट नाही म्हणून कोणत्याही रेझिस्टरवर व्होल्टेज उतरत नाही, आणि सगळं त्या तुटलेल्या जागी येऊन उभं राहतं.

आता गणपतीतल्या जुन्या छोट्या बल्बांच्या माळेचा विचार करा. पन्नास बल्ब एकामागे एक असतील तर २३० व्होल्टचे प्रत्येकी ४.६ व्होल्ट वाटे होतात. एक बल्ब गेला की सगळी माळ बंद. लोक मग माळ चालूच ठेवून एकेक बल्ब उपसून पाहतात, कारण माळ तर बंद आहे. गेलेला बल्ब उपसला की त्याच्या रिकाम्या होल्डरच्या दोन पत्र्यांमध्ये ४.६ नव्हे, पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. शिवाय दिवा विझलेला असला तरी माळेची वायर जमिनीच्या मानानं २३० व्होल्टला असू शकते. मंडपात आणि घरात माळ दुरुस्त करायची ती प्लग काढून, फक्त बटण बंद करून नव्हे.

सेल ‘भरलेला’ दिसतो पण दिवा लागत नाही

भिंतीवरच्या घड्याळातला उतरलेला सेल आणा. मीटर कदाचित १.३ व्होल्ट दाखवेल. त्याला टॉर्चचा बल्ब जोडा, नीट पेटणार नाही. बल्ब जोडलेला असतानाच सेलच्या टोकांवर पुन्हा मोजा, आकडा घसरलेला दिसेल. जुन्या सेलच्या आत रेझिस्टन्स वाढलेला असतो. मीटर त्यातून मायक्रोअँपिअरभर करंट घेतो, तेव्हा आत काही उतरत नाही. बल्ब तीनशे मिलिअँपिअर मागतो, तेव्हा सगळं आतच उतरतं. सेल तपासायचा तर काहीतरी जोडून तपासा.

यासोबत लिंबाची बॅटरी करून पाहा. जस्त चढवलेला स्क्रू आणि तांब्याची जाड तार एका लिंबात, एकमेकांना न टेकता. साधारण ०.९ ते १ व्होल्ट मिळतो. चार लिंबं एकामागे एक जोडली की साडेतीन व्होल्टच्या वर, म्हणजे दोन पेन्सिल सेलपेक्षा जास्त! तरी टॉर्चचा बल्ब अजिबात लागत नाही. लाल एलईडी मात्र अंधाऱ्या खोलीत मंद दिसतो, आणि इथे त्याला वेगळा रेझिस्टर लागत नाही, कारण लिंबांचा आतला रेझिस्टन्सच पुरतो. व्होल्टेज भरपूर आणि करंट नगण्य, याचं इतकं स्वस्त उदाहरण दुसरं नाही. त्या लिंबांत जस्त विरघळलेलं असतं. त्यांचं सरबत करायचं नाही, टाकून द्यायची.

घरातले २३० व्होल्ट

घराच्या सॉकेटवर नवशिक्यांना मीटर लावू देऊ नका. डायल चुकून करंटच्या रेंजवर असेल तर प्रोबच्या टोकाशी ठिणगी उडते आणि स्वस्त मीटर फुटूही शकतो. आकडेमोड मात्र जरूर करा. वॉट = व्होल्ट × अँपिअर. ७५ वॉटचा पंखा सुमारे ०.३३ अँपिअर घेतो, १००० वॉटची इस्त्री ४.३५, २००० वॉटचा गिझर ८.७. म्हणून इस्त्री ६ अँपिअरच्या सॉकेटवर चालते आणि गिझरला १६ चं मोठं सॉकेट लागतं. इस्त्री आणि इंडक्शन शेगडी एकाच बारीक वायरच्या एक्स्टेंशनवर चालवली की वायर का मऊ पडते, हे मुलं आता स्वतः सांगतील. विजेच्या बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॉट एक तास.

शॉकसाठी आधी हाताचा रेझिस्टन्स मोजा. मीटरमधली बॅटरी फक्त नऊ व्होल्टची असते, धोका नाही. डायल २००० किलोओहमवर, एकेका हाताच्या चिमटीत एकेक प्रोब. कोरड्या बोटांना काही लाख ओहम येतात किंवा रेंजच ओलांडली जाते. बोटं पाण्यात बुडवून पुन्हा मोजा, आकडा धाडकन खाली येतो. पण या आकड्यानं २३० ला भागून ‘म्हणजे फारसं काही होत नाही’ असं कोणी म्हणू लागलं तर तिथेच थांबवा. २३० व्होल्टला त्वचेचा बचाव टिकत नाही. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या आसपास धरतात, म्हणजे २३० मिलिअँपिअर. एक मिलिअँपिअरला मुंग्या येतात, दहाच्या आसपास स्नायू आखडून हात सुटत नाही, आणि छातीतून काही दहा मिलिअँपिअर क्षणभराहून जास्त गेले तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जातो. पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून बटणाला हात लावणं किती वाईट, ते या आकड्यांतून दिसतं.

एमसीबी (घरातल्या बोर्डावर जास्त करंट गेला की आपोआप पडणारं बटण) इथे वाचवत नाही. तो ६ किंवा १६ अँपिअरच्या पुढे गेल्यावर पडतो, माणसाला त्याच्या शंभराव्या हिश्शात धोका असतो. माणूस वाचवायला आरसीसीबी लागतो. फेजमधून (वीज आणणाऱ्या वायरमधून) गेलेला आणि न्यूट्रलमधून (परतीच्या वायरमधून) परत आलेला करंट यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो वीज तोडतो. वाटेत सगळीकडे करंट सारखाच, हा पहिल्या बैठकीतला नियमच त्या डबीत बसवलेला आहे. त्यावरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. वीज गेली नाही तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

लोकलचं एक गणित

डोक्यावरच्या तारेत फक्त एकच वाट दिसते. परतीची वाट चाकांतून रुळांत आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला देशातली पहिली विजेवरची गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर. २०१६ पर्यंत मुंबईची सगळी उपनगरी सेवा २५,००० व्होल्ट एसीवर (सतत दिशा बदलणाऱ्या विजेवर) आली. का बदललं ते मुलांकडूनच काढून घ्या. समजा गाडीला ३० लाख वॉट हवेत. १५०० व्होल्टला २००० अँपिअर लागतील, २५,००० ला १२०. तारेत उष्णतेनं वाया जाणारी वीज करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून त्याच तारेत तोटा सुमारे २७८ पट कमी. तार बारीक चालते, सबस्टेशनं लांबलांब चालतात. आणि २५,००० व्होल्टला शिवावंही लागत नाही, पुरेसं जवळ गेलं तरी ठिणगी हवेतून उडी मारते. डब्याच्या टपावर चढणारे तारेला हात न लावताही जळतात ते म्हणून.

काय बिघडतं आणि का

सगळ्यांत जास्त वेळा बिघडतं ते एकच: डायल करंटच्या रेंजवर राहिलेला असताना प्रोब थेट सेलला लागतात. करंटच्या २०० मिलिअँपिअर रेंजवर मीटर आतून जेमतेम एक ओहमचा असतो, म्हणजे जवळपास शॉर्टच, आणि फ्यूज जातो. लक्षण ओळखू येतं: बहुतेक मीटरमध्ये व्होल्ट बरोबर दिसत राहतात, करंट मात्र कायम शून्य. फ्यूज बदला. वर्ख किंवा तार लावून काम भागवू नका, पुढच्या वेळी मीटर जळतो. सवय अशी लावा की करंट मोजून झाला की डायल आधी व्होल्टवर, मग प्रोब खाली.

टॉर्चच्या बल्बचा करंट तीनशे मिलिअँपिअर आहे, तो मधल्या भोकातून मोजला तरी फ्यूज जाऊ शकतो. त्यासाठी चिकटपट्टी काढून दहा अँपिअरचं भोक वापरावं लागतं, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला फ्यूज नसतो. ही मोजणी शिकवणाऱ्यानं स्वतः करावी आणि लाल प्रोब लगेच मधल्या भोकात परत न्यावा.

मीटरची स्वतःची बॅटरी उतरली की तो खोटं बोलतो, बहुधा जास्त आकडा दाखवतो. नवा सेल १.८ दाखवू लागला तर संशय मीटरवर घ्या.

मीटर स्वतः जोडणीचा भाग होतो, हे शेवटी दाखवा. १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकामागे एक सहा व्होल्टला जोडा. प्रत्येकावर तीन यायला हवेत. डीटी-८३०डीवर दोनच्या आसपास येतात, कारण त्याचा आतला रेझिस्टन्सही सुमारे १ मेगाओहम आहे आणि तो मोजल्या जाणाऱ्या रेझिस्टरच्या शेजारी जोडला जातो. ज्यांना पहिले आकडे पटकन जमले त्यांना हे कोडं द्या, स्पष्टीकरण देऊ नका.

समजलं का, ते कसं ओळखायचं

तीन प्रश्न पुरतात. तारेवर बसलेल्या कावळ्याला शॉक का बसत नाही? ‘पाय कोरडे असतात’ असं उत्तर आलं तर चिठ्ठ्या लावलेला होल्डर पुन्हा काढा. दोन्ही पाय एकाच तारेवर आहेत, त्यांच्यात व्होल्टेजच नाही, हे तिथूनच कळतं. टेस्टरचा दिवा लागतो तेव्हा करंट कुठून जातो? टेस्टरमध्ये मेगाओहमच्या आसपासचा रेझिस्टर असतो, त्यातून आणि तुमच्या अंगातून मिलिअँपिअरचा एखादा हिस्सा जमिनीकडे जातो. ‘करंट फक्त टेस्टरमध्ये असतो’ म्हणणाऱ्याला अजून पूर्ण वाट दिसलेली नाही, त्याला तीन जागी करंट मोजण्याचा प्रयोग परत करायला लावा. आणि तिसरा: बंद पडलेल्या माळेच्या रिकाम्या होल्डरमध्ये बोट घालणं सुरक्षित आहे का? या प्रश्नाला ‘नाही’ एवढं उत्तर स्वीकारू नका. फटीच्या दोन बाजूंना किती व्होल्ट आणि का, हे सहा व्होल्टवर मोजून दाखवायला सांगा.